बचत छताला टांगलेली आहे

विजेचं बिल वाढलं की घरात पहिला हुकूम सुटतो तो दिव्यांबद्दल. खोलीबाहेर पडताना दिवा बंद करा, चार्जर काढून ठेवा. सवय चांगली आहे, पण तेवढ्यावर भिस्त ठेवली तर बिल फारसं हलत नाही. मीटर मोजतो तो वॉट आणि तास यांचा गुणाकार: १००० वॉटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट. ९ वॉटच्या एलईडी दिव्याला एक युनिट जाळायला १११ तास लागतात. ६० वॉटचे पिवळे बल्ब होते तेव्हा हा हुकूम खरोखर मोलाचा होता. एसी नसलेल्या घरात आता पाहायला हवं ते छताला टांगलेल्या पंख्याकडे. जुना पंखा साधारण ७५ वॉट घेतो आणि उन्हाळ्यात १२ तास सहज फिरतो. असे तीन पंखे महिन्याला ८१ युनिट घेतात.

यातली बरीच वीज वारा देण्यात जातच नाही. साध्या पंख्यात इंडक्शन मोटर असते. तिच्या फिरत्या भागात आधी विद्युतप्रवाह निर्माण करावा लागतो, तेव्हा त्यात चुंबकत्व येतं आणि तो फिरू लागतो. तो प्रवाह आणि गुंडाळीचा रोध मिळून वीज उष्णतेत घालवतात; म्हणून तासन्‌तास चाललेल्या पंख्याची मोटर हाताला गरम लागते. नव्या बीएलडीसी (ब्रशविरहित डीसी मोटरच्या) पंख्यात फिरत्या भागावर कायमचे चुंबक बसवलेले असतात आणि कोणत्या गुंडाळीत केव्हा प्रवाह सोडायचा हे एक इलेक्ट्रॉनिक सर्किट ठरवतं. चुंबकत्व आयतंच मिळाल्याने तेवढ्याच वाऱ्यासाठी सुमारे ३० वॉट पुरतात. तेच तीन पंखे मग महिन्याला ३२ युनिटांत भागतात. आपल्याकडे दर टप्प्याटप्प्याने चढतात, त्यामुळे वाचलेली ४९ युनिटं सर्वांत महागड्या टप्प्यातून कमी होतात. दरमहा ३४० युनिट वापरणारं घर ३००च्या खाली येतं, हा फरक लहान नाही.

असा पंखा महाग आहे, ही तक्रार खरी आहे. साध्या पंख्यापेक्षा साधारण हजार-दीड हजार रुपये जास्त पडतात. १२ तासांच्या वापराला एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात. ८ रुपये दर धरला तर सुमारे १३० रुपये. म्हणजे सतत चालणाऱ्या पंख्याचे जादा पैसे वर्ष-दीड वर्षात वसूल होतात. पाहुण्यांच्या खोलीतल्या, दिवसाला तासभर फिरणाऱ्या पंख्याचे होणार नाहीत. तो बदलूच नये. दुसरी अडचण मला अधिक गंभीर वाटते. जुन्या पंख्याची कॉइल जळली तर गल्लीतला कारागीर ती भरून देतो. नव्याचं सर्किट बिघडलं की कंपनीकडे जावं लागतं. म्हणून वॉरंटी किती वर्षांची आणि सर्किट सुटं मिळतं का, हे आधी विचारायलाच हवं. वीज स्वस्त पडली की माणसं पंखा जास्त वेळ चालू ठेवतील, असाही आक्षेप येतो. पण वापर दुप्पट झाला, तरी ३० वॉटचा पंखा ७५ वॉटच्या पंख्याची बरोबरी करत नाही. तरीही रिकाम्या खोलीतला पंखा बंदच हवा. पंखा हवा थंड करत नाही, अंगावरचा घाम उडवतो; माणूस नसेल तर तो फक्त खोली तापवतो.

जानेवारी २०२३ पासून पंख्यांना वीजबचतीच्या ताऱ्यांचं लेबल सक्तीचं आहे. एका वॉटमागे मिनिटाला किती हवा मिळते, यावरून तारे ठरतात. पुढचा पंखा घेताना रंग आणि पात्यांच्या नक्षीआधी ते लेबल वाचा, आणि तो घरात सर्वांत जास्त तास चालणाऱ्या पंख्याच्या जागी लावा.