गौरीची करंजी आणि घाटावरची हवा

दिवाळीची करंजी कोणालाही जमते. गौरीची लोणावळ्यात जमली तर खरं. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस झेलणाऱ्या या गावात भाद्रपदातही हवा ओलीकच्च असते. सकाळी कुरकुरीत असलेली करंजी रात्रीपर्यंत सादळते. तीही कढईत फुटली नाही तर.

फुटण्याचा दोष काही जण घाटाच्या उंचीला देतात. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वासहाशे मीटरवर आहे, म्हणून तिथे पाणी ९८ अंश सेल्सिअसलाच उकळतं. पण तेल १६०-१७० अंशांवर तापलेलं असताना या दोन अंशांना कोण विचारतो? खरा गुन्हेगार सारण. ओल्या नारळात जवळजवळ निम्मं पाणी असतं. ते परतून आटवलं नाही, तर त्याची वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा लागते. कडेला तुपाचं बोट लागलेलं असेल, तर तिथे पीठ पिठाला धरत नाही; वाफ तिथूनच बाहेर पडते. म्हणून कडेला दूध लावायचं, मग मुरड घालायची. एकदा सारण सांडलं की साखर करपते, खसखस तेलभर पसरते आणि पुढच्या घाण्यातल्या करंज्या काळे ठिपके घेऊन बाहेर येतात. तेल गाळल्याशिवाय सुटका नाही.

आवरणाची गोष्ट याहून मजेची. मैदा पाण्यात मळला की त्यातल्या प्रथिनांचं चिवट जाळं होतं, ते ग्लुटेन. पोळीला ते हवं, करंजीला नको. कडकडीत मोहन घातलं की तूप पिठाच्या कणाकणाला माखतं आणि पाण्याला वाट अडवतं. ॲपल पाय करणारे नेमकं उलटं करतात: थंडगार लोण्याचे बारीक तुकडे पिठात तसेच राहू देतात. भट्टीत ते वितळतात, लोण्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पापुद्रे सुटतात. मोहनाने खुसखुशीतपणा येतो, पापुद्रे नाहीत. त्यासाठी आपल्याकडे साटा आहे: फेसलेलं तूप आणि तांदळाची पिठी. तांदळात ग्लुटेन नसल्याने थर एकमेकांना चिकटत नाहीत. मावळात पिठीला तांदूळ शोधावा लागत नाही. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून झालेला इंद्रायणी वडगाव मावळच्या संशोधन केंद्राचाच, १९८७ सालचा. एकाच पदार्थात मोहन आणि साटा दोन्ही वापरणारी साट्याची करंजी मला तरी पायपेक्षा वरचढ वाटते.

आता सादळणं. तळलेल्या आवरणात पाणी इतकं कमी उरतं की स्टार्च काचेसारखा कडक होतो. दातांखाली तो तडकतो, तोच कुरकुरीतपणा. हवेतलं थोडं पाणी शोषलं तरी ही काच रबरासारखी मऊ पडते. लोणावळ्याची चिक्की पावसात उघडी राहिली की चिकट होते, तीही याच नियमाने. तिथे काच साखरेची किंवा गुळाची. करंज्या कोमट असताना डबा बंद केला, तर बाहेरच्या हवेची गरजच नाही, त्यांची स्वतःची वाफच पुरते.

सादळलेली करंजी मंद ओव्हनमध्ये दहाएक मिनिटं ठेवली, तर पाणी निघून जातं आणि ती पुन्हा कुरकुरीत होते. खोबऱ्याला ओल लागून बुरशी धरली असेल, तर मात्र उपाय नाही. खोबऱ्याच्या तेलात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल बांधलेलं असतं. बुरशीमुळे ते सुटं झालं की जिभेला साबणाची चव लागते.