मातीतला डाव, परक्या गादीवर

पहाटे मार्केट यार्डाच्या भुसार विभागात एखादा ट्रक रिकामा होत असताना थोडा वेळ उभे राहून पाहावे. अनुभवी हमाल पोत्याशी झटापट करीत नाही. तो पोत्याकडे पाठ करतो, गुडघ्यांत किंचित वाकतो, आपली पाठ आणि कंबर भाराच्या खाली नेतो आणि मग पायांच्या बळावर सरळ होतो. दंडाचे काम केवळ पोते सावरण्याचे. भार उचलतात ते पाय. नवखा माणूस मात्र तेच पोते हातांनी ओढू पाहतो, आणि संध्याकाळी त्याची कंबर धरते.

वजन आपल्या कमरेच्या वर आले की ते आपले ऐकू लागते, हे हमालाला ठाऊक असते. कुस्तीतील ‘ढाक’ या डावाचे मर्मही नेमके हेच आहे. फरक इतकाच, की पोते प्रतिकार करीत नाही आणि प्रतिस्पर्धी मल्ल करतो. स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा दादासाहेब जाधव हे ढाक या डावासाठी ओळखले जात. गोळेश्वरच्या मातीत घोटलेला हा डाव हेलसिंकीच्या गादीपर्यंत कसा पोहोचला, हे या लेखात समजून घ्यावयाचे आहे.

डावाची उकल

कुस्तीची सलामी झाली की खडाखडी सुरू होते. मल्ल एकमेकांची मान, मनगट, दंड चाचपतात. कोण कोणत्या पायावर भार देतो, कोण पुढे रेटतो, हे जोखतात. ढाक मारू इच्छिणारा मल्ल एका हाताने प्रतिस्पर्ध्याच्या मानेला वेढा घालतो आणि दुसऱ्या हाताने त्याचा दंड आवळून धरतो. मान दबली की समोरचा स्वाभाविकपणेच पुढे रेटा देतो. तोच क्षण डावाचा. मल्ल एक पाय आत टाकून गर्रकन वळतो, आपली कंबर प्रतिस्पर्ध्याच्या पोटाखाली नेतो, गुडघे सरळ करतो आणि वाकत पुढे ओढतो. समोरच्याचे पाय जमिनीवरून सुटतात आणि तो कमरेवरून फिरून पाठीवर येतो.

यात तीन गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात : पकड घट्ट हवी, आपली कंबर त्याच्या कमरेपेक्षा खाली हवी आणि त्याचा रेटा पुढच्या दिशेला हवा. यांतील एक जरी चुकली तरी डाव उलटतो. वळण्यास उशीर झाला तर आपली पाठ प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागते. तो मागून कंबर धरून आपल्यालाच खाली घेतो. म्हणून वस्ताद ढाक शिकवितात ती पकडीपासून नव्हे, पायांच्या ठेवणीपासून. मानेशी संबंध असल्यामुळे हा डाव जाणत्याच्या देखरेखीखालीच शिकावा, हेही पालकांनी ध्यानी ठेवावे.

इतर काही प्रसिद्ध डावांचे नातेही याच तत्त्वाशी आहे. धोबीपछाडीत प्रतिस्पर्ध्याचा हात आपल्या खांद्यावर ओढून, धोबी दगडावर कपडा आपटतो तसे त्याला पुढे टाकतात. कलाजंग डावात त्याच्या काखेखाली शिरून, एक हात मांड्यांमध्ये घालून त्याला खांद्यांवर आडवे घेतात. रूपे वेगळी, पण प्रत्येक ठिकाणी आपण भाराच्या खाली जातो.

माती आणि गादी

तालमीतील हौद्याची तांबडी माती हळद, ताक, तेल घालून मऊ केलेली असते. तिच्यात पाय किंचित रुततो, हालचाल संथ होते, घामेजलेल्या अंगाला माती चोळली की पकड बसते. पारंपरिक निकाली कुस्तीत गुण नसतात. पाठ मातीला लागली, मल्ल चीतपट झाला की निकाल. त्यामुळे मल्लाला वाट पाहता येते. प्रतिस्पर्ध्याला दमवून, त्याच्या चुकीची वाट पाहून एकच डाव टाकावा, हे मातीचे शहाणपण आहे.

गादीचे शास्त्र निराळे. तेथे पायांत बूट असतात, पाय रुतत नाही, वेग वाढतो. वजनगट ठरलेले असतात. आजच्या फ्रीस्टाइल नियमांनुसार तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये तीस सेकंदांची विश्रांती असते. प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन ताबा मिळविला तर 2 गुण, उभ्याने थेट पाठीवर धोक्याच्या स्थितीत फेकले तर 4 गुण, वर्तुळाबाहेर ढकलले तर 1 गुण. दहा गुणांची आघाडी झाली की चीतपट न करताही कुस्ती जिंकता येते. दोन्ही हातांनी नुसती मान आवळणे गादीवर निषिद्ध आहे. मानेबरोबर प्रतिस्पर्ध्याचा हातही पकडीत असावा लागतो.

आता ढाक या डावाचे काय होते ते पाहू. कमरेखाली कंबर नेण्याचे तत्त्व दोन्हीकडे तेच राहते, कारण गुरुत्वाकर्षण माती आणि गादी असा भेद करीत नाही. बदलतो तो हिशेब. मातीत फसलेली ढाक सावरण्यास अवधी मिळतो. गादीवर फसली तर प्रतिस्पर्धी क्षणात मागे जाऊन दोन गुण घेतो. मातीत दहा मिनिटे वाट पाहता येते. गादीवर घड्याळ थांबत नाही. म्हणजे मल्लाने डाव टाकून द्यावयाचा नसतो; तो कधी, वर्तुळात कोठे आणि किती वेगाने लावावा, हे नव्याने शिकावयाचे असते.

महाराष्ट्राने या दोन्ही परंपरा सांभाळल्या आहेत. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती विभाग आणि गादी विभाग असे दोन विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते किताबासाठी एकमेकांशी लढतात.

लंडन ते हेलसिंकी

खाशाबांचा जन्म 15 जानेवारी 1926 रोजी सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर येथे झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकत असताना त्यांची कुस्ती बहरली. 1948 च्या लंडन ऑलिंपिकसाठी ते गेले तेव्हा आंतरराष्ट्रीय नियमांची आणि गादीची त्यांना सवय नव्हती. तेथे रीस गार्डनर या प्रशिक्षकांनी त्यांना मार्गदर्शन केले. फ्लायवेट गटात खाशाबा सहावे आले.

सहावा क्रमांक ही मोठी मजल होती. तरीही खाशाबांच्या दृष्टीने तो पराभवच होता. त्यांनी परत येऊन माती सोडली नाही, आणि मातीचाच हट्टही धरला नाही. पुढील चार वर्षे त्यांनी वरच्या, म्हणजे 57 किलोच्या बँटमवेट गटासाठी तयारी केली.

1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरविले. जपानच्या शोहाची इशी यांच्याविरुद्धची लांबलेली कुस्ती त्यांच्या हातून निसटली. त्यानंतर पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामादबेयोव यांच्याशी लढावे लागले, आणि नियमावर बोट ठेवून दाद मागणारा कोणीही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता, असे या लढतीविषयी सांगितले जाते. इशींना सुवर्ण, मामादबेयोवांना रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. तो दिवस होता 23 जुलै 1952. भारताला यानंतरचे वैयक्तिक पदक मिळण्यास 1996 साल उजाडावे लागले, तर कुस्तीतील पुढचे पदक 2008 मध्ये मिळाले.

प्रवासाचा खर्च

येथवर आपण डावाचा विचार केला. परंतु डाव आपोआप प्रवास करीत नाही. त्याला घेऊन जाणाऱ्या माणसाला तिकीट लागते. हेलसिंकीला जाण्यासाठी खाशाबांजवळ पैसे नव्हते. गावकऱ्यांनी जमेल तशी वर्गणी गोळा केली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. आपल्या विद्यार्थ्याला पदक मिळेलच अशी कोणतीही हमी त्यांना नव्हती. हाती होता तो लंडनमधील सहावा क्रमांक आणि त्या मुलाची चार वर्षांची मेहनत.

पदक घेऊन खाशाबा परतले तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक त्यांच्या स्वागताला निघाली. सत्कार झाले, हार पडले. त्यानंतर खाशाबांनी केलेली गोष्ट अधिक मोलाची आहे. त्यांनी कुस्त्यांचे फड भरविले आणि त्या उत्पन्नातून प्राचार्यांचे गहाण पडलेले घर सोडवून दिले. पुढे 1955 मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर.

ही परंपरा खंडित झालेली नाही. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे पुण्यात आला, गोकुळ वस्ताद तालमीत हरिश्चंद्र बिराजदार यांच्या हाताखाली आणि पुढे काका पवार यांच्याकडे घडला. 2018 मध्ये गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सुवर्णपदक मिळविले, तेही 57 किलो गटात. हेलसिंकीत खाशाबा ज्या वजनावर लढले तेच हे वजन. 2019 मध्ये जागतिक स्पर्धेत त्याने 61 किलो गटात कांस्यपदक पटकाविले. पाटोदा ते पुणे हे अंतर नकाशावर फार नाही. पण घर सोडून आलेल्या मुलासाठी ते केवढे असते, हे वसतिगृहात वाढलेल्यांना वेगळे सांगावयास नको.

आपल्या शाळेत येणारे प्रत्येक मूल घरून काही ना काही घेऊन येते : कोणी बोली, कोणी हातातले कसब, कोणी आईवडिलांच्या कष्टांतून पाहिलेली कामाची रीत. ते विसरावयास लावणे हे शिक्षण नव्हे, आणि नव्या ठिकाणचे नियम न शिकविता त्याला तसेच पुढे ढकलणे हेही शिक्षण नव्हे. खाशाबांच्या बाबतीत मातीने तत्त्व दिले, लंडनच्या पराभवाने नियम शिकविले आणि एका शिक्षकाने घर गहाण ठेवून पुढची वाट मोकळी केली. या तिन्हींपैकी एक जरी नसते, तरी गोळेश्वरची ढाक गोळेश्वरच्या जत्रेतच राहिली असती.

आज आपल्यापैकी कोणाला घर गहाण ठेवावे लागणार नाही. पण स्पर्धेच्या प्रवासभाड्यासाठी, परीक्षेच्या शुल्कासाठी किंवा एका बुटांच्या जोडासाठी अडलेले मूल आजही शाळेच्या एखाद्या वर्गात बसलेले असते. त्याच्या हातात डाव आहे की नाही, हे वस्ताद आणि शिक्षक पाहतील. तिकिटाचे पाहणे आपणा माजी विद्यार्थ्यांकडे आहे.