मैदानाच्या पाण्याचा हिशेब

एप्रिल २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने इंडियन प्रीमिअर लीगचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश दिला. त्याच सुमारास लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी नेले जात होते. मैदानांसाठी सुमारे ६० लाख लिटर पाणी खर्ची पडेल, असे याचिकाकर्त्यांचे म्हणणे होते. शुद्ध केलेले सांडपाणी वापरण्याची तयारी क्रिकेट नियामक मंडळाने दाखविली, तरी आदेश कायम राहिला आणि अंतिम सामना मुंबईऐवजी बंगळूरला झाला.

हा ६० लाखांचा आकडा तपासून पाहण्याजोगा आहे. एक हेक्टर उसास हंगामभरात सुमारे दोन कोटी लिटर पाणी लागते. म्हणजे ज्या पाण्यावरून राज्यात एवढे वादळ उठले, त्यात जेमतेम पाऊण एकर ऊस पिकला असता! सहकारी साखर कारखानदारीचा पाया १९५० साली ज्या जिल्ह्यात, लोणी-प्रवरेच्या परिसरात, घातला गेला, त्या अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याने तरी ही तुलना टाळू नये.

मग न्यायालयाचे चुकले काय? तसे म्हणता येणार नाही. पाण्याचे मोल ते किती यापेक्षा कोठे आणि केव्हा लागते, यावर ठरते. सत्तर मीटर त्रिज्येच्या क्रिकेट मैदानाचे क्षेत्रफळ सुमारे १५,४०० चौरस मीटर भरते. उन्हाळ्यात हिरवळीला दररोज पाच मिलिमीटर पाणी द्यावयाचे म्हटले, तर ७७ हजार लिटर लागतात. जलजीवन मिशनच्या दरडोई ५५ लिटरांच्या मापाने ही १,४०० माणसांची एका दिवसाची गरज होय. अकोले तालुक्याचा डोंगराळ भाग वगळता बहुतेक जिल्हा पर्जन्यछायेत आहे; तेथे मे महिन्यात एवढी माणसे म्हणजे एक गावच. ऊस अधिक पाणी पितो, एवढ्याने मैदानाची सुटका होत नाही. हिशेब दोघांनीही द्यावयास हवा.

असा हिशेब याच जिल्ह्यात मांडला जातो. नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद ठेवतात आणि मग पिके ठरवितात. पिण्याचे पाणी आधी, उसाला मज्जाव, शेतीसाठी विंधन विहीर नाही. ही शिस्त ज्यांच्या नेतृत्वाखाली रुजली, ते पोपटराव पवार तरुणपणी क्रिकेटपटू म्हणून ओळखले जात, हा योगायोग मोठा बोलका आहे. शेताला जो न्याय, तो क्रीडांगणाला का नसावा?

अडचण शिक्षणात आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय सर्व स्तरांवर शिकविण्याचे निर्देश दिले. शारीरिक शिक्षण तर त्याहून जुने. पण दोन विषयांची गाठ पडत नाही. पर्यावरणाचा विद्यार्थी ‘प्रकल्प’ म्हणून कोठली तरी छापील माहिती उतरवून काढतो आणि त्याच्याच महाविद्यालयाच्या मैदानावर किती पाणी मारले जाते, ते कोणालाच ठाऊक नसते. क्रीडा व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात तिकिटे, प्रायोजक, प्रसिद्धी यांची चर्चा होते. पाण्याचे देयक मात्र कार्यालयाच्या कपाटात पडून राहते.

शिवाय प्रत्येक मैदान हिरवेच का असावे? कबड्डी, खो-खो, लंगडी मातीवर वाढली. मातीतल्या कुस्तीचा हौदा तेल, ताक आणि हळदीवर जोपासला गेला. अहिल्यानगरात २०२५ साली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, तेव्हाही गादीबरोबर मातीच्या लढती होत्याच.

जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाने क्रीडा व पर्यावरण या दोन विभागांकडे मिळून मैदानाची नोंदवही सोपवावी: पाऊस किती पडला, कूपनलिकेतून किती उपसले, हात धुण्याचे किती पाणी पुन्हा वापरले. पर्जन्यमापक आणि पाण्याचे मीटर एवढी साधने त्यास पुरेत. दोन्ही मिळून क्रिकेटच्या एका चांगल्या बॅटीपेक्षा महाग पडत नाहीत.