देशप्रेमी, देशभक्त की देशाभिमानी?

म्हैसूरला कन्नड शिकायला आलेला मराठी माणूस 'अभिमानी' या शब्दापाशी हमखास अडतो. मराठीत अभिमानी म्हटले की ताठ मान आणि थोडा तोरा डोळ्यांसमोर येतो. कन्नडमध्ये हाच शब्द चाहत्यासाठी वापरतात. कन्नड नट डॉ. राजकुमार आपल्या प्रेक्षकांना 'अभिमानी देवरु', म्हणजे चाहते हेच देव, म्हणत. त्यात तोरा नाही, निखळ जिव्हाळा आहे. मग 'देशाभिमानी' हे विशेषण दोन्हीकडे एकाच वजनाचे कसे राहील?

देशप्रेमाच्या शब्दांच्या बाबतीत स्पॅनिशने वाटण्या चोख केल्या आहेत. देशावर प्रेम करणारा माणूस 'पात्रियोता'. त्याचे भाषण, त्याचे गाणे मात्र 'पात्रियोतिको'. ध्वज किंवा राष्ट्रीय सण, म्हणजे जे मुळात देशाचेच आहे, त्याला 'पात्रिओ'. मेक्सिकोतला सप्टेंबरमधला स्वातंत्र्योत्सव म्हणूनच 'फिएस्तास पात्रियास'. आणि ऊठसूट देशप्रेम मिरवणाऱ्यासाठी 'पात्रियोतेरो' हा खास चिमटा. मराठीला त्यासाठी 'बेगडी देशभक्त' असे दोन शब्द खर्चावे लागतात, आणि गिऱ्हाईक तर वाढतेच आहे.

मराठीत 'देशभक्त' हे नुसते विशेषण राहिले नाही, ती नावाआधीची पदवी झाली. इचलकरंजीजवळच्या पंचगंगा साखर कारखान्याच्या नावातही 'देशभक्त रत्नाप्पाण्णा कुंभार' असे आहे. असेच एक देशभक्त म्हणजे बेळगाव जिल्ह्यातल्या हुदलीचे गंगाधरराव देशपांडे, टिळकांचे अनुयायी. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा स्वागताध्यक्ष तेच होते. त्यांनी आत्मचरित्र मराठीत लिहिले आणि लोकांनी त्यांना 'कर्नाटक सिंह' म्हटले. देशभक्त एका भाषेत, सिंह दुसऱ्या प्रांताचा. त्या काळी यात कोणाला काही खटकले नाही.

म्हैसूरमध्ये तर विशेषणापेक्षा विशेष्यच बदलत गेले. वडेयर राजवटीत चामराजेंद्र महाराजांच्या काळी बसवप्पा शास्त्रींनी 'कायौ श्री गौरी' हे संस्थानगीत रचले. त्यात देवीकडे मागणे आहे ते राजाच्या रक्षणाचे. तिथे योग्य विशेषण राजनिष्ठ. मात्र १९४७ च्या सप्टेंबरात 'म्हैसूर चलो' सत्याग्रह पेटला, तेव्हाची मागणी होती महाराजांच्याच छत्राखाली जबाबदार सरकारची. पुढच्याच महिन्यात के. सी. रेड्डी यांचे मंत्रिमंडळ आले. राजनिष्ठ आणि देशभक्त हे एकाच माणसाला एकाच दिवशी लावता येत होते, ही म्हैसूरची गंमत.

पुढचा बदल कवीने केला. कन्नड कवी कुवेंपूंचे बहुतेक आयुष्य म्हैसूर शहरातच गेले. १९५६ ते १९६० ते म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि १९६४ मध्ये राज्य सरकारने त्यांना 'राष्ट्रकवी' ठरवले. कर्नाटकासाठी लिहिणाऱ्या कवीला राष्ट्राचे विशेषण देताना सरकारला विसंगती वाटली नाही, कारण त्याचे उत्तर त्यांच्या गीतातच होते. 'जय भारत जननिय तनुजाते' मध्ये कर्नाटक ही भारतमातेची लेक आहे. लेकीवरचे प्रेम आईच्या वाट्यातून कापून घ्यावे लागत नाही. स्पॅनिश माणूस आपल्या गावाला, प्रांताला 'पात्रिया चिका', धाकटा देश, म्हणतो; त्याला हे नाते सांगताच कळेल.

या गीताला ६ जानेवारी २००४ रोजी राज्यगीताचा, कन्नडमध्ये 'नाडगीते'चा, मान मिळाला. महाराष्ट्राने 'गर्जा महाराष्ट्र माझा'ला तो २०२३ मध्ये दिला. शब्दांवर एकमत झाले तरी कर्नाटकात चालीवर जुंपली: काही संगीतकार मैसूर अनंतस्वामींच्या चालीच्या बाजूचे, काही सी. अश्वथ यांच्या. अखेर सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारने अनंतस्वामींची चाल मुक्रर केली आणि गीत अडीच मिनिटांत संपवावे असेही सांगून टाकले.