मुलांना विहिरीच्या भिंतीवरचा भूगोल वाचू द्या

आपला मुलगा किंवा मुलगी सहावीत गेली की भूगोलाच्या पुस्तकात खडक, हवा, तापमान, नैसर्गिक संपत्ती असे विषय सुरू होतात. २०१६ साली निघालेल्या बालभारतीच्या सहावीच्या पुस्तकात तर 'खडक व खडकांचे प्रकार' हा स्वतंत्र पाठ होता, आणि क्षेत्रभेट कशी करावी हेही सांगितले होते. मुले हा धडा पाठ करतात. अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित अशी तीन नावे घडाघडा म्हणून दाखवतात. पण "तुमच्या मळ्यातला खडक यांपैकी कोणता?" असे विचारले की वर्ग गप्प होतो.

कृषी विस्ताराच्या कामामुळे गडमुडशिंगी आणि आसपासच्या गावांत शाळेच्या मुलांबरोबर शिवारात फिरण्याचा योग मला अनेकदा येतो. त्यावरून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. भूशास्त्र शिकवायला आपल्याइतकी सोयीची जागा शहरातल्या शाळेलाही मिळायची नाही. विहीर, ओढा, माळ आणि नदी ही चारही पुस्तके आपल्या दारात उघडी पडली आहेत. ती मुलांना वाचू देणे हे गुरुजी-बाईंइतकेच पालकांच्याही हातात आहे.

घरातच तीन खडक

सुरुवात स्वयंपाकघरापासून करावी. पाटा-वरवंटा आणि जाते हे काळ्या पाषाणाचे, म्हणजे बेसॉल्टचे. हा अग्निजन्य खडक. सोप्यात शहाबादी फरशी असेल तर तो चुनखडक, पाण्याच्या तळाशी गाळ साचून थर बसले तो स्तरित खडक. देवघरात संगमरवरी मूर्ती असेल तर तो रूपांतरित खडक. चुनखडकच जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने आणि दाबाने बदलला आणि संगमरवर झाला. तीन नावे अशी हाताला लागली की मूल ती जन्मात विसरत नाही. कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला गेलात तर देवळाचा काळा दगड मुलांना मुद्दाम दाखवा. तोही आपल्या पाट्याचाच भाऊबंद.

विहिरीच्या भिंतीवर काय दिसते?

उन्हाळ्याच्या तोंडाला पाणी खाली गेले की विहिरीची भिंत स्पष्ट दिसते. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग हाताने फुटणारा कुजका खडक आणि तळाशी काळा कातळ. मुलांना वाटते की हे चार वेगळे पदार्थ आहेत. खरे पाहता तळाचा कातळच ऊन, पाणी, हवा आणि झाडांची मुळे यांनी झिजत झिजत वर माती झाला आहे. मुरूम म्हणजे वाटेवर असलेली माती. इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. ती एका वळवाच्या पावसात उतारावरून वाहून जाऊ शकते हे मुलाला तिथेच सांगावे. बांध का घालायचा, हे मग वेगळे शिकवावे लागत नाही.

काही विहिरींत दोन कातळांच्या मध्ये गेरूसारखा तांबडा थर दिसतो. त्याची गोष्ट मोठी आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या भागात जमिनीला लांबच लांब भेगा पडून तापलेला लाव्हा बाहेर आला. तो एकदम आला नाही. एक थर पसरला, थंड झाला, त्यावर पुन्हा दुसरा आला. मधल्या काळात पहिल्या थराचा वरचा भाग झिजून त्याची माती झाली, आणि पुढच्या लाव्ह्याने ती भाजून काढली. तोच हा तांबडा थर. अशा थरांमुळे सह्याद्रीचे डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात. शास्त्रज्ञ या खडकाला डेक्कन ट्रॅप म्हणतात. ट्रॅप हे नाव पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आले आहे.

लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपून पांढरे, हिरवट खडे तयार झाले. त्यांतलीच एक आपली गारगोटी. भुदरगड तालुक्यातल्या गारगोटी गावाचे नाव मुलांना ठाऊक असते, तेव्हा नावाची गंमतही सांगावी. अंधाऱ्या खोलीत दोन गारगोट्या एकमेकींवर घासल्या की मंद उजेड दिसतो. हा प्रयोग केला की वर्ग दुसऱ्या दिवशी खिसे भरून गारगोट्या घेऊन येतो.

विहिरीच्या या अभ्यासाचा व्यवहारातही उपयोग आहे. सलग, न फुटलेल्या काळ्या कातळात पाणी फारसे मुरत नाही. पाणी असते ते कुजक्या खडकात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. विहीर कोठे घ्यावी, कूपनलिका किती खोल न्यावी यावर घराघरांत लाखो रुपये खर्च होतात. पाणी कोठे साठते हे ज्याला सहावीत कळले, तो पुढे नारळावर विसंबून कर्ज काढणार नाही.

सहासष्ट मीटरचा दोर

कोटी हा आकडा मुलांच्या ध्यानात येत नाही. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. घरोघरचे कासरे एकाला एक बांधून ६६ मीटर लांबीचा दोर करावा आणि शाळेच्या मैदानावर सरळ ताणावा. एक मीटर म्हणजे १० लाख वर्षे धरावीत. एका टोकाला आपला खडक तयार झाला, दुसऱ्या टोकाला आजचा दिवस. आपल्यासारखी माणसे पृथ्वीवर आली त्याला सुमारे ३ लाख वर्षे झाली, म्हणजे शेवटचा फूटभर दोर. सिद्दी जौहरने १६६० साली पन्हाळ्याला वेढा घातला, ती घटना तर आजच्या टोकापासून अर्ध्या मिलिमीटरच्याही आत येते. एवढे पाहिल्यावर पायाखालच्या दगडाकडे बघण्याची मुलांची नजर बदलते.

एकाच खडकाच्या दोन लेकी

आता सहलीकडे वळू. सहल लांबचीच असली पाहिजे असे नाही. पन्हाळा आपल्यापासून एका दिवसात जाऊन येण्यासारखा आहे. गड चढताना खाली काळा कातळ लागतो आणि माथ्यावर तांबडा, भोकाभोकांचा जांभा. जांभा आला कोठून? तोही मूळच्या काळ्या खडकापासूनच झाला. उष्ण हवा आणि भरपूर पाऊस यांत लाखो वर्षे खडकातला चुना, पालाश आणि वाळूचा अंश धुऊन गेला. मागे राहिले लोह आणि ॲल्युमिनियम. लोह गंजले म्हणून रंग तांबडा. पावसात विसरलेले खुरपे तांबडे होते, तसाच हा प्रकार. १८०७ साली फ्रान्सिस बुकानन याने मलबारातल्या अशा दगडाला लॅटराइट हे नाव दिले; लॅटिन भाषेत त्याचा अर्थ वीट. कोकणात जांभ्याचे चिरे आजही घराला वापरतात.

आणि पूर्वेला शिरोळकडे गेलात तर भेगा पडणारी काळी चिकण जमीन. तिथे पाऊस कमी, त्यामुळे चुना आणि क्षार मातीतच राहिले. शिवाय नद्यांनी वरून आणलेला गाळ साचला. खडक मुळात एकच, पण पावसाच्या मानाने एकीकडे तांबडी माती झाली, दुसरीकडे काळी.

हा पावसाचा फरक किती आहे? गगनबावड्याला वर्षाला सरासरी ५,००० मिलिमीटरच्या वर, कोल्हापुरात हजाराच्या आसपास आणि शिरोळला सुमारे ५००. एका जिल्ह्यात, एस. टी.च्या काही तासांच्या प्रवासात एवढा फरक! सह्याद्री ढग अडवतो म्हणून हे घडते.

पाऊस मोजायला शाळेत महागडे यंत्र लागत नाही. सरळ कडांचा डबा उघड्यावर ठेवावा आणि रोज सकाळी पट्टीने पाणी मोजावे. १० मिलिमीटर पाऊस झाला तर एका एकरावर सुमारे ४०,००० लिटर पाणी पडते. म्हणजे १०,००० लिटरचे चार टँकर. हे गणित मुलाने वहीत मांडले की शेततळे आणि बांधबंदिस्ती कशासाठी, हे घरातल्या मोठ्यांनाही ते समजावू लागते.

विटेचा प्रयोग

शिरोळ भागात पाण्याच्या अतिवापराने पुष्कळ जमीन क्षारपड झाली. हे कसे होते ते मुलांना घरी दाखवता येते. परातीत मिठाचे पाणी घेऊन त्यात एक भाजलेली वीट उभी ठेवा. पाणी विटेतून वर चढते, हवेत उडून जाते आणि काही दिवसांत विटेच्या अंगावर पांढरे मीठ फुटते. काळ्या जमिनीत नेमके हेच घडते. पाटाचे पाणी जास्त झाले, निचरा नसला, की खालचे पाणी वर येते आणि क्षार वरच्या थरात ठेवून जाते. मग उसाचे बेट पिवळे पडते. श्री दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने शिरोळ भागात जमिनीखाली सच्छिद्र नळ्या घालून अशा जमिनी पुन्हा पिकाखाली आणण्याचे मोठे काम झाले आहे. नरसोबाच्या वाडीला सहल नेली तर वाटेत असे एखादे शेत मुलांना जरूर दाखवावे. बिघडलेली आणि सुधारलेली जमीन शेजारी-शेजारी पाहिली की शंभर भाषणांचे काम होते.

नदीचा आणि भूकंपाचा धडा

गावाच्या उत्तरेला थोड्या अंतरावर पंचगंगा आहे. प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोक जिला गुप्त मानतात ती सरस्वती यांचा संगम. पश्चिमेच्या डोंगरातून जोरात येणारे पाणी कोल्हापूरच्या पुढे सपाटीवर मंदावते आणि वळणे घेत नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. कृष्णाच तुडुंब असली तर पंचगंगेचे पाणी मागे तुंबते. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, आणि २०२१ च्या जुलैतही पुराने लोकांना घराबाहेर काढले. पूररेषा नकाशावर आखलेली असते. मुलांनी ती गावागावांतल्या भिंतींवरच्या डागांवरून ओळखायला शिकावे. काठची काळी कसदार जमीन पुरानेच आणून टाकली आहे. म्हणून ती पिकाला द्यावी, घराला नाही.

भूकंपाचा धडा आजी-आजोबांकडून घ्यावा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्यात दीडशेच्या वर माणसे दगावली आणि धक्के कोल्हापुरातही जाणवले. ज्यांना ती पहाट आठवते अशी माणसे अजून गावात आहेत. मुलांनी त्यांच्याकडे बसून ऐकावे, लिहून घ्यावे. किती वाजता, कोणत्या भिंती पडल्या, कोणत्या टिकल्या, हे प्रश्न विचारावेत. पुस्तकात न मिळणारी माहिती अशी हाती येते.

पालकांनी एवढे करावे

पहिली गोष्ट, सहलीला किंवा शिवारफेरीला मुलाला आडकाठी करू नये. "अभ्यास बुडतो" असे पुष्कळ जण म्हणतात. हाच अभ्यास आहे. आणि मुलींना मागे ठेवू नये. शेतात भांगलण, लावण, वेचणी बहुतेक बायकाच करतात. मग मातीचे ज्ञान मुलीला का नको?

दुसरी गोष्ट, आपली विहीर, आपले शेत शाळेला दाखवायला मोकळे ठेवावे. विहीर कधी खोदली, कितव्या फुटाला कातळ लागला, पाणी कोठून आले, हे तुम्ही सांगाल ते गुरुजींना सांगता येणार नाही. माती-परीक्षणाचा कागद घरात असेल तर तो ट्रंकेत न ठेवता मुलाला वाचायला द्यावा.

तिसरी गोष्ट, काळजी. विहिरीला कठडा नसेल तर मुलांना काठापासून लांब उभे करावे. सुरुंग लावतात त्या खाणीत नेऊ नये. पावसाळ्यात ओढ्या-नदीच्या पात्रात उतरू देऊ नये. शिक्षकांबरोबर गावातली दोन जाणती माणसे असावीत.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम काढला आणि भोगावतीवर राधानगरीचे धरण बांधायला घेतले. शिक्षण आणि पाणी या दोन्ही गोष्टी त्यांनी बरोबरीने चालवल्या. त्याच मातीत आपण आहोत.

आज शिवार झपाट्याने बदलत आहे. विमानतळाच्या विस्ताराला गडमुडशिंगीची जमीन गेली, गोकुळ शिरगावच्या बाजूने कारखाने वाढले, जुन्या विहिरी बुजत चालल्या. आज सहावीत बसलेले मूल वीस वर्षांनी ठरवणार आहे की उरलेल्या जमिनीला किती पाणी द्यायचे, घर कोठे बांधायचे, माती वीटभट्टीला विकायची की राखायची. तो निर्णय शहाणपणाने व्हावा असे वाटत असेल, तर येत्या रविवारी त्याला किंवा तिला बरोबर घेऊन मळ्यात जा, विहिरीपासून चार हात लांब उभे राहा आणि समोरच्या भिंतीत किती थर दिसतात ते मोजायला सांगा.