एमआरआयचा रिपोर्ट काय सांगतो, काय सांगत नाही?



सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल शाळेत येतं तेव्हा सोबत एक जाड फाईल असते. त्यातला मेंदूचा एमआरआय रिपोर्ट पाहून "याला जमणार नाही" असं ठरवून टाकू नका. आधी रिपोर्ट समजून घेऊ या.

एमआरआयवरून मेंदूला इजा कुठे झाली आणि साधारण केव्हा झाली, हे कळतं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांत मेंदूतील पोकळ्यांभोवतीच्या पांढऱ्या भागाला इजा जास्त आढळते. पायांकडे संदेश नेणारे तंतू या पोकळ्यांच्या जवळून जातात, म्हणून अशा मुलांचे पाय हातांपेक्षा जास्त ताठ असतात. इजा मेंदूच्या एकाच बाजूला असेल, तर शरीराच्या विरुद्ध बाजूचा हात-पाय कमजोर होतो. खोलवरच्या बेसल गँग्लियाला इजा झाली, तर हालचालींवर ताबा राहत नाही. बोलणं अस्पष्ट होतं, पण समज चांगली असू शकते.

आता दुसरी बाजू. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील अभ्यासात सेरेब्रल पाल्सीच्या 351 मुलांचे एमआरआय तपासले गेले. त्यात 11.7 टक्के मुलांचा एमआरआय नॉर्मल होता! म्हणजे रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून मूल आळस करतंय, असं म्हणता येत नाही.

मूल प्रत्यक्ष काय करू शकतं, हे पाहण्यासाठी वेगळं माप आहे. 1997 मध्ये कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील तज्ज्ञांनी 'जीएमएफसीएस' ही पाच स्तरांची पद्धत मांडली. पहिल्या स्तरावरचं मूल आधाराशिवाय चालतं, तिसऱ्यावरचं वॉकर किंवा कुबड्या घेऊन चालतं, पाचव्यावरच्या मुलाला व्हीलचेअरवर दुसऱ्याने न्यावं लागतं. मात्र हा स्तर हालचालीचा आहे, बुद्धीचा नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

म्हणून पालकांनी डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना "मुलाचा स्तर कोणता?" हेही विचारावं. शिक्षकांनी पाहावं: बसल्यावर पाय टेकतात का? पेन्सिल धरता येते का? लिहिता येत नसेल, तर तोंडी किंवा बोट दाखवून उत्तर देता येतं का? परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक यांची तरतूद दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये आहे. ती मागायला संकोच करू नका.

फाईल जरूर वाचा, पण मुलाला काय येतं हे त्याला करायला देऊनच ठरवा.