काचबिंदूनंतरही आपली कामे आपल्या हातांनी

मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले की पुन्हा दिसू लागते, हे आपल्या घराघरांत माहीत आहे. काचबिंदूचे तसे नाही. यात डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला, बहुधा वाढलेल्या दाबामुळे, इजा होते आणि गेलेली नजर परत येत नाही. थेंब, लेसर, ऑपरेशन हे सारे उरलेली नजर राखण्यासाठी असते. म्हणून "थेंबांनी काही फरक पडत नाही" म्हणत औषध बंद करू नये. आहे तेवढे टिकले, हाच त्याचा फायदा. एका वेळी एक थेंब पुरतो. तो घातल्यावर डोळा मिटून नाकालगतचा कोपरा दोन मिनिटे हलकेच दाबून धरावा. दुसरे औषध पाच मिनिटांनी घालावे.

नेमके काय दिसत नाही?

बहुतेकांची आधी बाजूची नजर जाते. पेपर वाचता येतो, पण पायाशी ठेवलेली बादली, अर्धवट उघडे दार किंवा बाजूने आलेली मोटारसायकल दिसत नाही. "पेपर वाचतात, मग स्टूल कसे दिसले नाही?" असे घरच्यांनी म्हणू नये. चालताना मान डावीकडे-उजवीकडे फिरवून पाहण्याची सवय लावावी. उन्हातून घरात आल्यावर दारातच थोडे थांबावे, मग पाऊल टाकावे. गाडी चालवावी की नाही, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

घरात काय बदलावे?

उंबरठा आणि प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा पट्टा रंगवावा. दार पूर्ण उघडे किंवा पूर्ण बंद ठेवावे. दूध, ताक गडद रंगाच्या पेल्यात आणि कोरा चहा पांढऱ्या कपात दिला की किती भरला ते कळते. मिठाचा आणि साखरेचा डबा वेगळ्या आकाराचा असावा आणि त्यांची जागा बदलू नये. बाज किंवा खुर्ची हलवली तर आधी सांगावे. बाहेर नेताना हात धरून ओढू नये. आपला कोपर त्यांना धरू द्यावा आणि अर्धे पाऊल पुढे चालावे.

मायेपोटी सगळी कामे काढून घेतली, तर माणूस नजरेआधीच घरात परका होतो. भाजी निवडणे, देवपूजा, किराण्याचा हिशेब ही कामे त्यांच्याकडेच राहू द्यावीत. पैशांचा व्यवहारही जमतो. नव्या नोटांच्या दोन्ही कडांना उंचवट्याच्या तिरप्या रेषा असतात: १०० आणि २०० रुपयांच्या नोटेवर चार, ५०० च्या नोटेवर पाच. २०० च्या नोटेवर रेषांमध्ये दोन वर्तुळेही असतात. नोट जुनी झाली की रेषा झिजतात, तेव्हा रिझर्व्ह बँकेचे 'मनी' हे मोफत अ‍ॅप रक्कम बोलून सांगते. अँड्रॉइड फोनमधील 'टॉकबॅक' सुरू केले की फोन स्क्रीन वाचून दाखवतो.

मदत कुठे मिळते?

एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेने १९९६ साली आपले पहिले ग्रामीण नेत्रकेंद्र मुधोल येथे सुरू केले. मुधोल तेव्हा आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होते, आता निर्मल जिल्ह्यात आहे. संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रात अल्पदृष्टी असलेल्यांना भिंग, पांढरी काठी आणि रोजच्या कामांचे प्रशिक्षण मिळते.

"अक्षरे वाचता येतात, म्हणजे प्रमाणपत्र मिळणार नाही" असे समजून अनेकजण अर्जच करत नाहीत. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये नजरेचा विस्तारही मोजला जातो. उपचारानंतरही तो ४० अंशांपेक्षा कमी असेल तर अल्पदृष्टी आणि १० अंशांपेक्षा कमी असेल तर अंधत्व धरले जाते. म्हणून 'फील्ड टेस्ट'चे सर्व अहवाल जपून ठेवावेत आणि यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करताना जोडावेत.

शेवटी, काचबिंदू घराण्यात चालतो. घरात एकाला असेल तर त्यांच्या भावंडांनी आणि मुलांनी, त्रास नसला तरी, डोळ्यांचा दाब आणि नस तपासून घ्यावी. नुसता चष्म्याचा नंबर काढून हे कळत नाही.